कोठीखालचं म्हातारपण

तुमच्या तोंडात शेवटी कमलआक्कांच्या नाकातली मुरणी ठेवली. बाकीचं नंतर सांगते. हे आधी, कारण याचा राग अजून डोक्यातून उतरलेला नाही. अंगणात तुम्हाला निजवलं होतं. गंगाजल आलं, तुळशीचं पान आलं, आणि तुमचे नानाकाका म्हणाले, "गुंजभर सोनं आणा, तोंडात ठेवायला." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बघणारच. गेलेल्याच्या तोंडात त्याच्या बायकोच्या मंगळसूत्रातला एक मणी तोडून ठेवायचा, ही आपल्याकडची रीत. तुमच्या थोरल्या बहिणीनं, आक्कांनी, माझ्या गळ्याशी हात नेला आणि मी तो हात घट्ट धरला.

"आक्का, हे खोटं आहे," मी म्हणाले.

रडणाऱ्या बायकांनी माना वर केल्या. खरं मंगळसूत्र कुठं होतं ते जगात दोघांनाच ठाऊक. अंगणातून स्वयंपाकघर, त्याला लागून कोठीघर, तिथल्या गव्हाच्या पत्र्याच्या कोठीखाली, फरशीच्या आत, तुमच्या निवृत्तीच्या सगळ्या पैशांच्या सोन्याचांदीबरोबर. भरलेली कोठी सरकवायला दोन माणसं लागतात. एकट्यादुकट्या चोराला हलू नये म्हणून तुम्ही मुद्दामच ती तशी बसवलेली. त्या दोन माणसांतलं एक माणूस अंगणात निजलं होतं. मी दुसऱ्या कुणाला हात लावायला बोलावलं असतं, तर तुम्ही जिवापाड जपलेलं गुपित अख्ख्या भावकीसमोर उघडं पडलं असतं. म्हणून मी आक्कांचा हात धरून तशीच उभी राहिले.

आक्कांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग स्वतःच्या नाकातली मुरणी फिरवून काढली, पदरानं पुसली आणि म्हणाल्या, "घ्या ही. माझ्या भावाला रिकाम्या तोंडानं नाय जाऊ द्यायची."

जन्माची कमाई सोन्याचांदीत घातलेला माणूस बहिणीच्या मुरणीवर गेला. आणि आक्कांच्या वैजापूरपर्यंत काय बातमी पोचली, ऐकायचंय? कंपनीवाल्यानं म्हणे बायकोचं मंगळसूत्रसुद्धा विकून खाल्लं. तुमच्या अब्रूची ही गत झाली आणि मला तोंड उघडता आलं नाही. तुम्ही असतात तर हसला असतात. मला नाही हसू येत.

तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी वाळूजच्या कंपनीतून हार, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन आलात. सगळी नोकरी तपासणी विभागात काढलेली. दुसऱ्यांनी बनवलेला माल मापायचा, केसाएवढा फरक निघाला की बाजूला टाकायचा. ती सवय घरी पण. भाकरी कुठं जाड, कुठं पातळ, हे सांगणारा नवरा माझ्याच नशिबी. पण त्या संध्याकाळी तुम्ही खुशीत होतात. म्हणालात, "आता आपण दोघं फिरू. कन्याकुमारी बघू. तुला समुद्र दाखवायचा राहिलाय." मी दुसऱ्याच दिवशी गुलमंडीवर जाऊन चालायचे बूट आणले.

मग भालेरावांनी पैसे ठेवलेली पतसंस्था बुडाली. कंपनीत तुमच्याच लाइनवरचे, तुमच्याच महिन्यात निवृत्त झालेले, साधे गृहस्थ. व्याज जरा जास्त मिळतं म्हणून सगळं तिथं ठेवलेलं. तुम्ही त्यांच्याबरोबर त्या बंद शटरसमोर दिवसभर उभे राहिलात. भालेराव शटरला कपाळ टेकून उभे होते, एवढंच तुम्ही मला सांगितलंत आणि जेवला नाहीत. चार दिवसांनी म्हणालात, "दुसऱ्याच्या कागदावर लिहिलेला पैसा आपला नसतो. हातात धरता येईल तेच आपलं." मी म्हटलं, सगळ्या बँका थोड्याच पतसंस्था असतात? तुम्ही म्हणालात, "भालेरावबी हेच म्हनत व्हते."

अमोल तेव्हा पुण्याहून आला होता. आपला एकुलता एक, शिकलेला, मोबाइलवर सगळे व्यवहार करणारा. तो म्युच्युअल फंड सांगू लागला. तुम्ही ऐकून घेतलंत, मग त्याला विचारलंत, "तुझा पैसा कुठं हाय, दाखव." त्यानं मोबाइलवर आकडे दाखवले. तुम्ही म्हणालात, "बॅटरी उतरली की?" तो चिडला, तुम्ही चिडलात, दिवाळीच्या फराळाचं ताट तसंच राहिलं. त्यानंतर तुम्ही त्याला सांगून टाकलंत की सगळं बँकेत एफडी करून ठेवलंय, विषय संपला. आणि मला देवासमोर उभं करून शपथ घातलीत की खरं काय ते पोराला सांगायचं नाही. मी का घेतली ती शपथ? तुमच्या डोळ्यांत मी कधी भीती पाहिली नव्हती. त्या दिवशी पाहिली, म्हणून घेतली.

सराफ्यातल्या त्या दुकानात आपण किती वेळा गेलो असू. दर वेळी थोडं थोडं, कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून. थोडं सोनं, जास्त करून चांदीच्या विटा. शेठ गादीवर बसून तुमच्याकडे बघत राहायचे, कारण तुम्ही खिशातून व्हर्नियर काढायचात. वीट मापायचात. मग वीट बुडवून भेसळ नाही ना ते बघायला पाणी भरलेलं मोजपात्र मागायचात. शेठनं एकदा हात जोडले. "काका, चांदी असली है, पण घर में इत्ती मत रखो. झोप नाय लागणार." तुम्ही म्हणालात, "शेठ, झोप आत्ता लागत नाय. ही घरी आल्यावर लागंल." मला तेव्हा तुमचं हसू आलं होतं. आता आठवलं की वाटतं, दोघांत खरं शेठच बोलले.

आणि घरी न्यायची आपली तऱ्हा. स्कूटरवर मी मागे, मांडीत पिशवी, पिशवीत खाली विटा आणि वर मेथीच्या जुड्या. छावणीतून पडेगावला घराकडं निघालो की तुमची पाठ ताठ व्हायची. एकदा नाक्यावर पोलिसानं अडवलं, कागद मागितले. मग सहज म्हणून माझ्या मांडीकडं बघत म्हणाला, "मावशी, लई जड दिसतीय पिशवी. काय हाय?" मी म्हटलं, "मेथी. पाव्हणे येणार आहेत." तो म्हणाला, "मेथी एवढी जड?" मी म्हटलं, "निवडायला बसा की माझ्याबरोबर, कळंल किती जड असते." तो हसला, जा म्हणाला. घरी येऊन तुम्ही मला म्हणालात, "तुझ्यासारखी बाई कंपनीत पाहिजे व्हती." लग्नानंतर एवढं कौतुक तुम्ही पहिल्यांदाच केलंत. मी आठवडाभर त्याच्यावर जगले.

कोठीघराची फरशी तुम्ही स्वतः उचकटलीत. गवंडी लावला तर गवंड्याला कळणार. शेजाऱ्यांना सांगितलं, ड्रेनेज तुंबलंय. खड्डा खणला, विटांनी बांधून काढला, वरून शहाबादी फरशी आणि तिच्यावर कोठी. माझं मंगळसूत्रही तुम्हीच उतरवून घेतलंत, साखळीचोर सुटलेत म्हणून, आणि हे पॉलिशचं आणून दिलंत. मी म्हटलं, अहो, नवरा खरा आणि मंगळसूत्र खोटं, लोक काय म्हणतील? तुम्ही म्हणालात, "लोकांना कसं कळंल?" बघा, कळलं.

आणि तिथून पुढं आपण दोघं एकत्र दाराबाहेर पडलो नाही.

सुरुवातीला लक्षात आलं नाही. खुलताबादला भद्रा मारुतीला एका शनिवारी तुम्ही गेलात, पुढच्या शनिवारी मी. आक्कांच्या नातीच्या लग्नाला हळदीला मी, अक्षता टाकायला तुम्ही. आक्कांनी तोंड फिरवलं. म्हणाल्या, "तुमचं जमत नाय का काय आजकाल?" मी काय सांगणार होते? पडेगावातल्या बायका विचारायच्या, तुम्ही दोघं कधी जोडीनं दिसत नाही. मी म्हणायचे, यांना घर आवडतं. धनावर नाग बसतो म्हणतात. आपल्या घरी जोडीनं बसायचे, आणि दोघांपैकी एकालाच फणा खाली करून बाजारात जायची परवानगी.

कन्याकुमारीची सहल तुमच्याच कंपनीच्या निवृत्त मंडळींनी काढली. मी बूट काढून पुसले. तुम्ही म्हणालात, "पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षीही तेच. तेव्हा मी भांडले. आपलं मोठं भांडण ते एकच. मी म्हटलं, एक वीट विका आणि आपण जाऊ. तुम्ही म्हणालात, विकायला घेतली नाहीये. मी म्हटलं, मग कशाला घेतली? तुम्ही म्हणालात, "म्हातारपणासाठी." मी म्हटलं, अहो, म्हातारपण हेच आहे, कोठीघरात बसलंय ते. तुम्ही उठून पेपर घेतलात आणि चांदीचा भाव मोठ्यानं वाचायला लागलात. भाव वाढले होते. "बघ," म्हणालात, "बसल्या बसल्या." मी म्हटलं, "बसल्या बसल्याच." ते भांडण तिथंच राहिलंय. तुम्ही बाजू मांडली नाहीत, मी ऐकून घेतली नाही, आणि आता तर मला एकटीलाच दोन्ही बाजूंनी बोलावं लागतं.

एक मात्र कबूल करते. चांदी खरंच वाढली. अमोलच्या मोबाइलपेक्षा जास्त वाढली असणार. माप घेण्यात तुम्ही चुकला नाहीत, कधीच चुकला नाहीत.

आणि हे सगळं कुणासाठी, तेही मला ठाऊक आहे. तुमच्या आईला भावाभावांनी वाटून घेतलं होतं. पाऊसकाळ एकाकडे, उन्हाळा दुसऱ्याकडे. चहापत्ती संपली तर त्या सुनेला विचारायच्या, आणायची का म्हणून. एकदा तुम्ही ते ऐकलंत आणि घरी येऊन ओट्यापाशी बसून राहिलात. त्या दिवशी म्हणालात, "मी गेल्यावर तुला कुणाफुडं हात पसरू देणार नाय." साध्या आवाजात म्हणालात, भाजी चिरता चिरता ऐकलं मी. नवरे बायकोवर प्रेम कसं करतात ते मला माहीत नाही. तुम्ही असं केलंत. मी तुमच्या पायाशी शेवटचं डोकं ठेवलं तेव्हा रडले ती याच एका वाक्यासाठी.

पण त्या आधीचे दोन दिवस मी तुम्हाला माफ करू शकत नाही.

दुपारचं जेवण झालं आणि तुम्ही छातीवर हात ठेवून खाली बसलात. शेजारच्या पोरांनी गाडी काढली. मी चपला घालत होते. तुम्हाला धड बोलता येत नव्हतं तरी तुम्ही गाडीच्या दारातून हात केलात, मला नाही, घराकडे. "तू थांब. घर मोकळं सोडू नको." पोरं म्हणाली, काकू बसा ना. तुम्ही मान हलवलीत. मी थांबले. तुम्हाला घेऊन गाडी कोपऱ्यावर वळली आणि मी घराच्या पायरीवर उभी, हातात एक चप्पल.

अमोल संध्याकाळपर्यंत पुण्याहून पोचला. तो दवाखान्यात, मी घरी. मग तो घरी आंघोळीला आला की मी दवाखान्यात. पाळी लावली आम्ही. सोनं अडीअडचणीला, म्हणायचात ना? अडचण आली तेव्हा अमोलचं कार्ड चाललं, कोठी जागची हलली नाही. त्यानं मला विचारलं, "आई, तू इथंच थांब ना. घरी आहे काय एवढं?" मी म्हटलं, देवापाशी दिवा लावायचाय. त्यानं माझ्याकडे अशी नजर टाकली की मला तिथंच सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण शपथ. आणि तुम्ही तिकडून मास्कच्या आडून माझ्यावर डोळे लावून. बोललात ते एवढंच, "दिवस मावळायच्या आत घरी पोच." मी म्हटलं, येते. तुम्ही डोळ्यांनी बरं म्हणालात.

दुसऱ्या दिवशी दुपारी अमोलचा फोन आला तेव्हा मी कोठीघरात बसून मुगाची डाळ निवडत होते. तुम्हाला मऊ खिचडी द्यायला डॉक्टरांनी परवानगी दिली होती. अमोल नुसतं "आई" म्हणाला आणि थांबला. मला बघायची होती तुमची शेवटची घटका. काही म्हणायचं होतं असं नाही. नुसतं जवळ असायचं होतं. इतकी वर्षं एका छपराखाली काढल्यावर तेवढं तरी बाईच्या वाट्याला यायला हवं. ते तुम्ही मला दिलं नाहीत, आणि नाही दिलंत ते माझ्याच पुढच्या सोयीसाठी. यावर मी भांडू तरी कुणाशी?

अमोल मला काही बोलला नाही. न बोलण्याचंच भय वाटायचं. तेरा दिवस माझ्याशी तो "हो, नाही, ठेव तिथं" एवढंच बोलला. बाबा जात होते आणि आई घरी दिवा लावत बसली, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. इकडे घर माणसांनी भरलेलं. कोठीघरात गाद्या पडल्या. तुमच्या चुलतबहिणी कोठीला टेकून बसायच्या, पाय पसरायच्या, आणि मी दारात. दशक्रियेला सगळे कायगावला गोदावरीवर निघाले, आक्का म्हणाल्या, "वैनी, चला, आता बायाबी येत्यात." मला यायचं होतं. पण मागे अर्धं घर माणसांचं राहणार होतं, कोठीघरात कुणीही शिरलं असतं. मी अमोलला म्हटलं, थोड्या अस्थी मागे ठेव, मी नंतर येईन. त्यानं त्या फडक्यात बांधून अंगणातल्या कडुलिंबाला टांगल्या आणि माझ्याकडे न बघता गाडीत बसला.

सुतक फिटल्यावर घर धुवायला काढलं. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. सुतकाचं घर म्हटल्यावर भांडीकुंडी, खाटा, सगळं बाहेर काढून खालून वरून धुतात. आक्कांची मुलं, दोघंही धट्टीकट्टी, कोठीच्या दोन बाजूंना उभी राहिली. एकानं बाही सारली. "मामी, सरका, ही उचलतो."

मी कोठीला पाठ लावून खाली बसले. "हिला हात लावायचा नाही," मी म्हटलं.

"अहो मामी, खाली घाण आसंल. धुवाय नको?"

"नको."

ओरडले असणार मी, कारण स्वयंपाकघरातल्या बायका दारात जमल्या. अमोल आला. तो वाकून म्हणाला, "आई, ऊठ, काय करतेस?" मी उठले नाही. पाठीला पत्र्याचा गारवा लागत होता आणि खाली तुम्ही बांधलेली ती पोकळी होती, आणि मला वाटत होतं की अजून कुणी एक शब्द बोललं तर मी सगळं ओकून टाकीन. शेवटी आक्कांनी पोरांना हाकललं. "ऱ्हाऊ द्या रे. वैनीचं चित्त ठिकाणावर नाय." मग माझ्याशेजारी फतकल मारून बसल्या. सगळे गेल्यावर हळूच म्हणाल्या, "काय हाय या कोठीत?"

"गहू," मी म्हटलं.

"गव्हासाठी कुणी असं बसत नाय." मग पदर सावरत म्हणाल्या, "आसंल काय ते आसंल. मला नका सांगू. मला सांगितलं की वैजापूरला कळतंय, माझं तोंड मला ठाव हाय." आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिल्या. त्यांचं ते रिकामं नाक बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अहो, तुमची बहीण तुमच्यापेक्षा शहाणी आहे. तिला आपण आधी सांगायला हवं होतं.

तेराव्यानंतर माणसं गेली. अमोलची रजा संपत आली. काल सकाळी तो म्हणाला, "चल, कायगावला जाऊन येऊ. उद्या मला निघायचंय." मी लुगडं बदललं, कडुलिंबावरून ते अस्थींचं फडकं काढून घेतलं, आणि दाराशी आले. अमोल गाडी वळवत होता. मी कडी घातली, कुलूप लावलं, ओढून बघितलं. किती वर्षांनी मी त्या कुलपाची किल्ली बाहेरून फिरवली. पायऱ्या उतरताना दोनदा मागे वळून बघितलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, "निघालात का? मी बघते हो घराकडं." मी मान हलवली.

वाळूज लागलं. तुमच्या कंपनीचं फाटक दिसलं, पहिली पाळी आत शिरत होती. अमोलनं तिकडे बघितलं, मग रस्त्याकडे बघत म्हणाला, "बाबांच्या एफडीच्या पावत्या कुठं आहेत? जायच्या आधी बँकेचं बघून टाकू."

शपथ तुमच्याबरोबर संपली, असं मी धरून चालले. म्हटलं, "पावत्या नाहीत. एफडी कधी केलीच नाही. सगळ्याचं त्यांनी सोनंचांदी केलं. घरीच आहे. कोठीखाली, फरशीच्या आत."

त्यानं गाडी बाजूला घेऊन थांबवली. मागचे ट्रक हॉर्न मारत गेले.

"सगळं?"

"सगळं. माझं मंगळसूत्रसुद्धा."

त्यानं इंजिन बंद केलं. मग एकदम मान वळवून म्हणाला, "आणि आत्ता घरी कोण आहे?"

"कोणी नाही."

"कोणी नाही? आई, दाराला ते एवढंसं कुलूप आहे." त्यानं आरशात मागे बघितलं. "पुढं फाटा आहे, तिथून वळवतो."

"वळवू नको."

"वेडी आहेस का? पडेगावात बंद घरं फोडतात, रोज पेपरात येतं. हे बघ, असं कर. त्या हॉटेलात चहा घेत बस, मी घरी जाऊन येतो. नाहीतर तू रिक्षा करून अस्थी घेऊन पुढं हो, मी घरी थांबतो. कुणीतरी थांबलंच पाहिजे."

अहो, तुम्ही ऐकायला हवं होतं. तुमच्याशी दिवाळी मोडून भांडलेलं हे पोर. तुमचाच आवाज, तुमचीच ताठ पाठ.

मी म्हटलं, "तुझ्या बाबांनी मला हेच सांगितलं, गाडीच्या दारातून. एकानं जायचं, एकानं थांबायचं. मी थांबले. ते गेले तेव्हा मी त्या कोठीपाशी बसले होते, अमोल. दिवा नव्हते लावत."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याचा चेहरा लहानपणी पडायचा तसा पडला.

"तू म्हणून नव्हतीस तिथं?"

"म्हणून."

"मला वाटलं..." म्हणाला. स्टिअरिंगवर डोकं ठेवून तो रडला. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मला खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. मग त्यानं बाहीनं तोंड पुसलं, आरशात बघितलं, आणि गाडी सरळ पुढे घेतली.

घर फुटलं का, हे ऐकायची तुम्हाला घाई असणार. नाही फुटलं. कुलूप जसंच्या तसं होतं. संध्याकाळी आम्ही दोघांनी कोठी सरकवली, अमोलनं फरशी उचलली, सगळं आहे. मंगळसूत्रातला एक मणी काढून ठेवलाय, आक्कांची मुरणी घडवायला. बाकी काय ठेवायचं, काय विकायचं, त्यावर आमचं भांडण सुरू झालंय. आता नदीवरचं ऐका.

ऊन चढलं होतं. नावाड्यानं आम्हाला संगमापाशी नेलं. अमोल म्हणाला, आई, तू सोड. मी म्हटलं, दोघं सोडू. फडक्याची गाठ ओली होऊन घट्ट बसलेली, सुटता सुटेना, आणि नावाडी म्हणाला, सावकाश करा मावशी, घाई नाय. खरंच घाई नव्हती. कितीतरी वर्षांनी मला कुठल्याही ठिकाणाहून वेळेत घरी पोचायचं नव्हतं. अमोलनं एकदाही फोन बघितला नाही. पाणी माझ्या बोटांवरून जात होतं आणि मी तुम्हाला, त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, सांगितलं, बघा, तुम्हाला पोचवायला आम्ही दोघंही आलोय. घरी कोणी नाही.